सूची, डाग आणि शिरावेध : चिनी सूचीचिकित्सा व आपलीं वैद्यकाचीं बाडें

शिरूर, दौंड, तळेगांव ढमढेरे या बाजूच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरून वैद्यकाचें बाड निघालें, तर त्यांत काढे, चूर्णें व लेप यांच्या जोडीला डाग देणें, तुंबडी लावणें, फासण्या टाकणें, जळवा लावणें, शीर तोडणें यांचे उल्लेख असावयाचेच. क्वचित् एखाद्या पानावर मनुष्याकृति काढून तिच्या अवयवांवर ठिपके व अक्षरें घातलेलीं असतात. अलीकडे अशा पानांस 'भारतीय ॲक्युपंक्चर' हें नांव देण्याची प्रवृत्ति दिसते. सुश्रुतांतील शिरावेध व मर्में हींच चिनी सूचीचिकित्सेचें मूळ होत, बौद्ध भिक्षूंनीं ती विद्या चीनांत नेली व आतां ती आपल्या घरीं परत येत आहे, असेंही कांहीं लेखक मोठ्या आवेशानें लिहितात.

ही गोष्ट खरी असती तर आम्हांस आनंदच झाला असता. परंतु संग्राहकानें वेष्टनावर एकदां जें नांव लिहिलें तें पुढें यादींत जातें, यादींतून ग्रंथांत जातें, आणि ग्रंथांत गेलेलें नांव पुसणें फार कठीण. म्हणून हें नांव पुराव्यास कितपत उतरतें तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. कसोटी

प्रथम शब्दाचा निर्णय करूं. 'ॲक्युपंक्चर' हा शब्द चिनी नव्हे. विलेम टेन राइन नांवाच्या डच वैद्यानें जपानांत ही पद्धति पाहिली व १६८३ त प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत तिला हें नांव दिलें. त्याचा अर्थ सुईनें टोंचणें एवढाच. चिनी भाषेंतील मूळ संज्ञा 'झेन-जिउ' अशी जोडनांवाची आहे. 'झेन' म्हणजे सुई आणि 'जिउ' म्हणजे शेक अथवा डाग. हा शेक आपल्या दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीचीं पानें वाळवून, कुटून, त्यांची वात अथवा गोळी पेटवून देतात. म्हणजे चिनी पद्धतीच्या नांवांत अर्धा भाग सुईचा व अर्धा अग्नीचा आहे. युरोपीय नांवानें अग्नि गाळला; त्यामुळें तुलना करणाराची दृष्टि पहिल्यापासून एका बाजूस झुकते.

या पद्धतीचीं लक्षणें चार सांगतां येतील. (१) सुई बारीक, भरीव असते व ती कांहीं काळ शरीरांत तशीच ठेवितात. (२) टोंचण्याचीं स्थानें ठरलेलीं असून त्यांस नांवें असतात. (३) तीं स्थानें शरीरभर गेलेल्या मार्गांवर ओंवलेलीं असतात व त्या मार्गांनीं 'ची' नांवाचा प्राणवायुसदृश पदार्थ वाहतो अशी कल्पना असते. (४) रक्त काढणें हा मुख्य हेतु नसून त्या प्रवाहाचें नियमन हा हेतु असतो. चारही लक्षणें जेथें एकत्र आढळतील तेथें सूचीचिकित्सा म्हणावी. एखादेंच आढळल्यास साम्य म्हणावें, संबंध म्हणूं नये.

२. चिनी पुरावा

या कसोटीस खुद्द चीनचा प्राचीन पुरावाही आरंभीं पुरा उतरत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाहीं. हूनान प्रांतांत चांगशा शहराजवळ मावांगदुई येथें तीन थडगीं उघडण्यांत आलीं. त्यांपैकीं तिसऱ्या थडग्यांत १९७३ सालीं रेशमावर लिहिलेले ग्रंथ सांपडले. हें थडगें इ. स. पू. १६८ मध्यें बंद झालें होतें. त्या ग्रंथांत शरीरांतील अकरा मार्गांचें वर्णन आहे; रोगांची यादी आहे; उपचारही आहे. परंतु तो उपचार अग्नीचा आहे. त्या मार्गांच्या ग्रंथांत सुईचें नांव नाहीं व स्थानांचीं नांवेंही नाहींत. म्हणजे मार्गांची कल्पना अगोदर, तिच्यासह डाग अथवा शेक, आणि सुई मागाहून, असा क्रम दिसतो.

त्यानंतर अर्ध्या शतकानें निवर्तलेल्या ल्यू शंग या राजपुत्राचें थडगें १९६८ सालीं हपै प्रांतांत मानचंग येथें उघडलें. त्यांत सोन्याच्या व रुप्याच्या सुया निघाल्या व त्या वैद्यकाच्या असाव्या असें मानितात. पुढें 'हुआंगदी नैजिंग' हा पीतसम्राटाच्या नांवाचा ग्रंथ संकलित झाला. त्यांत मार्ग बारा झाले, सुयांचे नऊ प्रकार आले, व सुईस अग्नीहून वरचें स्थान मिळालें. तिसऱ्या शतकांत ह्वांगफू मी यानें स्थानांची व्यवस्था लाविली. इ. स. १०२७ मध्यें वांग वैयी याच्या देखरेखीखालीं स्थानें कोरलेले मनुष्याकृति काशाचे पुतळे घडविण्यांत आले. त्यांवर विद्यार्थ्यांची परीक्षा घेत. ही परंपरा अखंड राजमान्य होती असेंही नाहीं. १८२२ सालीं पेकिंगच्या राजवैद्यशाळेंतून सुई व शेक यांचें शिक्षण बंद करण्यांत आलें होतें.

सारांश, जी विद्या आज आपण एकजिनसी समजतों ती चीनांतच टप्प्याटप्प्यानें बनलेली आहे, व ते टप्पे उत्खननांतील लेखांवरून दाखवितां येतात. 'ती संपूर्ण विद्या भारतांतून गेली' असें म्हणणारानें ती कोणत्या टप्प्यावर गेली हें सांगितलें पाहिजे.

३. सुश्रुताचा पुरावा

आतां घरचा पुरावा पाहूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अग्निकर्म, जलौकावचारण व रक्ताचें वर्णन हे अध्याय लागोपाठ आले आहेत. शारीरस्थानाचा सहावा अध्याय मर्मांचा, सातवा शिरांचा व आठवा शिराव्यधाचा आहे. आठव्या अध्यायांत रोगपरत्वें शीर कोठें वेधावी हें अंगुळांच्या मापानें सांगितलें आहे. गृध्रसीवर गुडघ्याच्या सांध्याच्या वर किंवा खालीं चार अंगुळांवर, प्लीहेच्या विकारावर डाव्या बाहूस कोपराच्या आंतील बाजूस, याप्रमाणें. ठरलेलें स्थान व ठरलेला रोग ही जोडी पाहून चिनी ग्रंथाची आठवण होते, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु पुढें वाचावें. वेधाचें हत्यार सुई नसून व्रीहिमुख अथवा कुठारिका हें आहे. मांसल भागीं व्रीहिमुख, हाडावर कुठारिका, असा विभाग आहे. हेतु दूषित रक्त बाहेर काढणें हा असून किती काढावें, कधीं थांबावें, न थांबल्यास काय करावें, याचा विचार केला आहे. सूची हें सुश्रुताच्या वीस शस्त्रांतील एक शस्त्र खरें. पण तिचा विस्तार जेथें येतो तेथें ती जखम शिवण्याची सुई आहे. म्हणजे चार लक्षणांपैकीं दुसऱ्याची छाया मात्र मिळाली. पहिलें व चौथें तर उलट पडतात.

मर्मांविषयीं तर मोठाच गैरसमज आहे. सुश्रुतानें १०७ मर्में सांगितलीं व त्यांचे पांच वर्ग केले : सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ व रुजाकर ८. वर्गांचीं नांवेंच बोलकीं आहेत. मर्म म्हणजे जेथें घाव बसला असतां प्राण जातो, अंग लुळें पडतें किंवा तीव्र वेदना होतात तें स्थान. शस्त्र चालवितांना तें टाळावें यासाठीं त्याचें ज्ञान पाहिजे. शिरांतही ९८ शिरा अवेध्य म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. चिनी स्थान टोंचण्यासाठीं आहे, आपलें मर्म न टोंचण्यासाठीं आहे. दोन्हीं तक्त्यांवर ठिपके आहेत म्हणून ते एकच, असें म्हणणें म्हणजे गांवच्या नकाशावरील विहिरी व चौक्या दोन्ही ठिपक्यांनींच दाखविल्या म्हणून त्या एक मानण्यासारखें आहे.

शिरूर तालुक्यांतच घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें व इ. स. पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानची ताम्रपाषाणयुगीन वसाहत उघडकीस आणिली. दख्खनच्या अशा वसाहतींत हाडाचीं टोंकदार साधनें मिळतात. चीनांतील प्राचीन दगडी टोंकांस वैद्यकाच्या सुया ठरविण्याचा मोह तेथील लेखकांस झाला. तसाच येथें आपल्यास होऊं नये. टोंकदार हाड चामड्यास भोंक पाडण्यासही लागतें. वस्तूचा उपयोग तिच्या आकारावरून नव्हे, तर ती कोठें, कशाबरोबर सांपडली यावरून ठरतो.

४. प्रवाशांची साक्ष

बौद्ध भिक्षु वैद्यकविद्या घेऊन उत्तरेस गेले याविषयीं शंका नाहीं. कुचा येथें १८९० सालीं मिळालेली व बॉवर या अधिकाऱ्याच्या नांवानें ओळखली जाणारी संस्कृत पोथी त्याचा प्रत्यक्ष पुरावा आहे. तिच्यांत लसणाचे गुण आहेत, घृतें, तैलें व चूर्णें आहेत. भारतीय औषधें मध्य आशियांत पोंचलीं हें तिच्यावरून सिद्ध होतें. सुई पोंचली हें होत नाहीं.

उलट साक्ष इत्सिंगाची आहे. हा चिनी भिक्षु ६७१ सालीं निघून ६९५ त स्वदेशीं परतला व मध्यंतरीं सुमारें दहा वर्षें नालंदेस राहिला. आपल्या प्रवासग्रंथांत त्यानें भारतीय वैद्यकाच्या आठ अंगांची माहिती आदरानें दिली आहे. परंतु सुई, शेक व नाडी पाहणें यांविषयीं तो असें स्पष्ट म्हणतो कीं यांत चीनची बरोबरी जंबुद्वीपांत कोणीही करीत नाहीं. स्वदेशाभिमानाची वजाबाट केली, तरी भारतास गुरुस्थानीं मानणाऱ्या यात्रेकरूनें हें लिहावें याला महत्त्व आहे. नालंदेस सूचीचिकित्सा प्रचारांत असती तर त्यानें असें लिहिलें नसतें.

जीवकाची कथाही या दृष्टीनें तपासण्याजोगी आहे. पाली विनयाच्या महावग्गांत जीवक हा तक्षशिलेस शिकलेला कुशल वैद्य आहे. तो डोक्यावर व पोटावर शस्त्रक्रिया करतो. त्याच कथेच्या एका चिनी सूत्रांत मात्र तो जन्मतांच हातांत सुया व औषधांची पिशवी घेऊन येतो. पालींत ही गोष्ट नाहीं. वैद्य म्हटला कीं त्याच्या हातीं सुई असणारच, ही चिनी वाचकाची समजूत कथेंत शिरली आहे. भारतांतून सुई चीनास गेल्याचा पुरावा म्हणून जी कथा पुढें करितात, ती वस्तुतः चीननें भारतीय वैद्याच्या हातीं सुई दिल्याचा पुरावा होय. पाठभेद पाहिल्याशिवाय कथेवर विसंबूं नये, हा धडा संशोधकांस नवा नाहीं.

नाडीपरीक्षेचेंही असेंच आहे. चरक व सुश्रुत यांत ती नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत ती प्रथम व्यवस्थित येते. म्हणून बाडांत नाडीचें प्रकरण असल्यास त्यास प्राचीनत्वाचा शिक्का सरसकट मारूं नये.

५. खरें साम्य कोठें आहे

तर मग उभय देशांत साम्य नाहींच काय? आहे, पण तें सुईंत शोधून सांपडत नाहीं, पंचांगांत सांपडतें. चिनी सूचीग्रंथांत 'रेन-शेन' म्हणजे मनुष्याचें जीवचैतन्य महिन्याच्या तीस दिवसांत कोणत्या दिवशीं शरीराच्या कोणत्या भागीं असतें याचा तक्ता असतो. त्या दिवशीं त्या भागीं सुई किंवा शेक वर्ज्य. पहिल्या दिवशीं तें पायाच्या अंगठ्याशीं असतें. आपल्याकडे कोक्कोकाच्या रतिरहस्यांत चंद्रकला शुक्ल पक्षांत पायाच्या अंगठ्यापासून वर चढते व कृष्ण पक्षांत खालीं उतरते असें सांगितलें आहे. विषवैद्यकांतही तिथिपरत्वें अमृताचें स्थान शरीरांत फिरतें अशी कल्पना आहे. ही जुळणी ठिपक्यांच्या साम्यापेक्षां पुष्कळ नेमकी आहे, व पाश्चात्य विद्वानांचें लक्ष तिच्याकडे गेलें आहे. कोणी कोणापासून घेतलें हा वाद राहो. परंतु बाडांत तिथि व अवयव यांचा तक्ता आढळला, तर तो किरकोळ ज्योतिष म्हणून बाजूस टाकूं नये. या विषयांत संग्राहकाच्या हातून खरी भर पडण्याचा संभव येथेंच आहे.

मनुष्याकृतीवरील ठिपके मात्र सावधपणें वाचावे. तीं मर्में असतील. न्यासाचीं स्थानें असतील. योग्यांचीं चक्रें असतील. तिळांचें सामुद्रिक असेल. कालपुरुषाच्या अंगावरील राशि असतील. अंगावर पाल पडल्याचें फल सांगणारें पल्लीपतनाचें चित्रही असेंच दिसतें. अवयवापुढें फल लिहिलें असेल तर शकुन, बीजाक्षर असेल तर न्यास, अंगुळांचें माप व रोगाचें नांव असेल तरच वैद्यक, असा ढोबळ नियम ठेवितां येईल.

६. मनाचे विकार

सूचीचिकित्सेची आजची कीर्ति शरीराइतकीच मनाच्या स्वास्थ्यासाठीं आहे. म्हणून याविषयीं दोन शब्द. चिनी ग्रंथांत क्रोध यकृताशीं, हर्ष हृदयाशीं, चिंता प्लीहेशीं, शोक फुप्फुसांशीं व भय मूत्रपिंडांशीं जोडलें आहे. मनाचा विकार अवयवाच्या मार्गावर सुई लावून हलवितां येतो, ही त्यांची उपपत्ति. सुश्रुतही उन्माद व अपस्मार यांत शीर वेधण्याचीं स्थानें देतो. कानशील, कपाळ, जबड्याचा सांधा हीं त्यांत येतात. परंतु आपल्या परंपरेचा मुख्य भर तेथें नाहीं. चरकानें उपचार तीन प्रकारचे मानले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मन आवरणें हा तिसरा. म्हणूनच बाडांत उन्मादाच्या पानावर ब्राह्मीघृत, धूप, मंत्र व यंत्र हीं एकत्र दिसतात. मंत्राचें पान वैद्यकाचें नव्हे म्हणून वेगळें काढणारा संग्राहक त्या वैद्याची चिकित्साच मोडतो.

सुईच्या गुणाविषयीं आजच्या परीक्षणांचा निष्कर्ष मध्यम स्वरूपाचा आहे. जुनाट दुखण्यांत व शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळींत कांहीं आराम पडतो. पण खऱ्या स्थानीं टोंचणें व खोट्या स्थानीं टोंचणें यांतील अंतर पुष्कळदां थोडें निघतें. मनोविकारांविषयींचा पुरावा याहून दुबळा आहे. इतिहासानें या वादांत पक्ष घेण्याचें कारण नाहीं; प्राचीनत्व सिद्ध झाल्यानें औषध गुणकारी ठरत नाहीं, व न झाल्यानें निरुपयोगीही ठरत नाहीं.

७. महाराष्ट्राचा खरा धागा

महाराष्ट्राचा या विद्येशीं कागदोपत्रीं दाखवितां येणारा संबंध अर्वाचीन आहे, आणि तो दौंडावरून सोलापुरास जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोंकाशीं आहे. जपानच्या आक्रमणांत सांपडलेल्या चीनला साह्य म्हणून राष्ट्रसभेनें १९३८ च्या सप्टेंबरांत मुंबईहून पांच डॉक्टर पाठविले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. पैकीं कोटणीस (जन्म १० ऑक्टोबर १९१०) तेथेंच राहिले व ९ डिसेंबर १९४२ रोजीं रणभूमीवरील रुग्णालयांत सेवा करीत असतां निवर्तले.

लोकांत असा समज आढळतो कीं कोटणीसांनीं चीनांत सूचीचिकित्सा शिकून भारतास दिली. हा समज खरा नाहीं. कोटणीस मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले शस्त्रवैद्य होते, व त्यांचें चीनांतील कार्य शस्त्रवैद्याचें होतें. येनान येथील बेथ्यून यांच्या नांवाच्या रुग्णालयांत सूचीचिकित्सेचा विभाग उघडला तो एप्रिल १९४५ मध्यें, कोटणीसांच्या मृत्यूनंतर सव्वादोन वर्षांनीं. ही विद्या हिंदुस्थानांत आणिली ती त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनीं. ते १९४३ त परतले होते. पुढें १९५८ च्या सुमारास पुनः चीनांत जाऊन त्यांनीं ती शिकून घेतली व कलकत्त्यास तिचा प्रसार केला. तिच्यावर कोटणीसांचें नांव बसलें तें बसूंनीं आपल्या दिवंगत मित्राचें स्मारक म्हणून चालविलेल्या कार्यामुळें. नांव कोटणीसांचें, विद्या बसूंची, आणि दोहोंचा दुवा मैत्री, हा वृत्तांत प्राचीनत्वाच्या कल्पनेइतका भव्य नसेल. पण तो खरा आहे, व महाराष्ट्रास त्यांत उणेपणा नाहीं. पुढें महाराष्ट्रानें या चिकित्सापद्धतीसाठीं २०१५ चा स्वतंत्र अधिनियमही केला.

८. संग्राहकांस विनंति

तेव्हां बाड हातीं आल्यास पुढील गोष्टी कराव्या. डाग, तुंबडी, फासणी, जळू, शीर हे जे शब्द लेखकानें वापरले असतील तेच यादींत उतरावे. त्यांच्या जागीं परकीय नांव घालूं नये. डाग कशानें द्यावा, कोठें द्यावा, बिब्बा कीं तापलेली सळई, हें सांगितलें असल्यास तें शब्दशः टिपावें. ठिपक्यांच्या आकृतीबरोबर तिच्या मागचें व पुढचें पान पाहावें. तिथींचा तक्ता जपावा. लेखकाचें नांव, शक, गांव हें समाप्तीस असल्यास प्रथम तेंच उतरून घ्यावें. बाड ज्या घरचें असेल त्या घरीं कोणी वैद्यकी करीत होतें काय, हें वृद्धांस विचारून नोंद ठेवावी. कारण डाग देणारा हात गेला कीं शब्दाचा अर्थही जातो.

'डाग' या शब्दावर 'ॲक्युपंक्चर' लिहिलें म्हणजे वैद्य व गांव यांचा मोठेपणा वाढतो असें वाटतें. वस्तुतः त्यायोगें त्या वैद्यानें काय केलें हेंच पुसलें जातें. त्याची विद्या लहान असेल, कांहीं ठिकाणीं क्रूरही असेल. परंतु ती त्याची होती. ती त्याच्याच शब्दांनीं यादींत राहावी, एवढीच विनंति.